पाचशे तीन घोडे

आज दुपारी माझा मुलगा त्या गाडीत बसला नाही. गोष्ट एवढीशी आहे, पण काही केल्या डोक्यातून जात नाही.

त्याची जुनी सवय आहे. इंजिनाचं काम संपलं आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची वेळ आली, की पहिली फेरी तो गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून मारतो. मांडीवर लॅपटॉप, एक हात दाराच्या कडीवर, डोळे मिटलेले. लोकांना वाटतं पेंगतोय. तो ऐकत असतो. इतक्या वर्षांत ही फेरी त्यानं अंगात ताप असतानाही चुकवलेली नाही. आज मात्र "कंबर धरलीय" म्हणाला, आणि शटरपाशी उभा राहून नुसता हात हलवला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच कंबरेनं त्यानं पाण्याचा भरलेला कॅन उचलून ओट्यावर ठेवला. मी बघत होते. त्यालाही कळलं मी बघतेय ते. मग उगाच कमरेला हात लावून "आई गं" म्हणाला. एकोणतीस वर्षांचा घोडा, आणि खोटं बोलणं अजून तिसरीतलं.

मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, तर "गाड्यांचं काम" असं सांगून मी मोकळी होते. त्यापुढे सांगायची लाज वाटते. तो बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करत नाही. तो धडधाकट गाड्या उघडतो. आधीच वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, दोनच माणसं बसतील अशा बुटक्या गाड्या. त्यांचं इंजिन खाली उतरवायचं, आतले पिस्टन काढून त्या जागी घडीव धातूचे घालायचे, इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवायचा, जास्त पेट्रोल ओतणारे इंजेक्टर लावायचे, आणि मग लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवे हुकूम लिहून द्यायचे. हे सगळं कशासाठी, तर घोडे वाढवायला. हॉर्सपॉवरला ते लोक घोडेच म्हणतात. "किती घोडे?" "साडेचारशे." "बस्स?" असं त्यांचं बोलणं. मी पदार्थविज्ञान शिकलेली बाई. बावीस वर्षं शाळेत अश्वशक्तीची व्याख्या फळ्यावर लिहिली. ती व्याख्या अशा पोट सुटलेल्या, टक्कल लपवायला टोपी घालणाऱ्या पुरुषांच्या तोंडी लागेल आणि माझ्याच घरात येऊन बसेल, असं कधी वाटलं नव्हतं.

पण आधी त्याच्या कानाबद्दल सांगितलं पाहिजे. त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

पाच-सहा वर्षांचा असताना तो एकदा जेवताना म्हणाला, "बाबांची स्कूटर आज खोकतेय." ह्यांनी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी स्कूटर भर चौकात बंद पडली. वॉशिंग मशीनचं बेअरिंग जाणार हे त्यानं मशीन थरथरायला लागण्याच्या महिनाभर आधी सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजींचा पंखा खाली झोपून ऐकायचा आणि सांगायचा, "एक पातं वाकलंय." खरंच वाकलेलं असायचं. आजी त्याला बोलावून खोबरेल तेलाची बाटली पुढे करायच्या, "घाल बाबा तुझ्या हातानं, तुझंच ऐकतो तो." इंजिनिअरिंगला दोन वर्षं काढली आणि सोडून आला. का, तर म्हणे तिथं इंजिन फळ्यावर असतं, आवाजच करत नाही. मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. मग तो एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे कामाला लागला. टॅक्सी दुरुस्त करणारा माणूस, अंगावर कायम एकच खाकी शर्ट, तोंडात सुपारी. त्यानं याला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायला शिकवलं. कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे ते त्या दांडीतून बरोबर कळतं म्हणे. शेजारी बसून पहिली फेरी मारायची सवयही त्याचीच. दुरुस्त केलेल्या टॅक्सीत मिस्त्री स्वतः बसल्याशिवाय ती बाहेर सोडत नसे. "मी बसतो म्हणून तो बोल्ट नीट आवळतो," असं माझ्यासमोर याच्या पाठीत थाप मारून म्हणाला होता. मला तो माणूस आवडायचा. त्याच्या नखांतलं काळं काही वाटायचं नाही. ते कामाचं काळं होतं.

मिस्त्री गेला आणि हा या नव्या गॅरेजात आला. गॅरेज म्हटलेलं तिथल्या मालकाला चालत नाही, "स्टुडिओ" म्हणायचं. फरशी इतकी चकाचक, की स्वतःची हनुवटी दिसते. भिंतीभर चौकटी लावल्यात. प्रत्येक चौकटीत एक आलेख, चढत जाणारी रेघ, आणि खाली मोठ्या अक्षरात आकडा. ४३०, ४६२, ५११. आमच्या शाळेत गुणवंतांचे फोटो लावत तसे. आणि मालकाच्या टेबलावर वितळलेल्या पिस्टनचा ॲशट्रे आहे. खरा पिस्टन. मध्यभागी भोक पडलेलं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. एका लाल गाडीतला आहे तो. ताकद वाढवल्यावर सहा आठवड्यांनी, भरधाव असताना, तो पिस्टन फुटला, इंजिनाचं तेल मागच्या चाकांखाली सांडलं आणि गाडी रस्त्यावर भोवऱ्यासारखी तीनदा फिरली. चालवणारा मनगट मोडून बाहेर आला. समोरून तेव्हा काही येत नव्हतं, म्हणून मनगटावर निभावलं. हा किस्सा मालक येईल त्याला हसत सांगतो आणि शेवटी त्या भोकात सिगारेट विझवतो. "तेव्हा कानसेन आमच्याकडे नव्हता," असं वर म्हणतो. कानसेन म्हणजे माझा मुलगा. तिथलं ठेवलेलं नाव. मला या नावाचा अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवते. मी ते बहिणीला, शेजारणीला, सगळ्यांना सांगितलं.

आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगितलं. तिथंच माझं पाऊल चुकलं. वसंताच्या सुरुवातीला माझी दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन बधिरपणा येईपर्यंत डॉक्टर गप्पा मारत होते. त्यांनी नवी गाडी घेतलेली, करड्या रंगाची, तीनशे दहा घोड्यांची, "पण मित्रांसमोर शेळी वाटते हो मावशी," म्हणाले. मी अर्धवट सुन्न जिभेनं, लाळ गळत असताना, मुलाचं कौतुक केलं. पत्ता दिला. दाढ निघाली आणि गिऱ्हाईक मिळालं. तीन महिने ती गाडी गॅरेजात उघडी पडली होती. डॉक्टर दर रविवारी तिला बघायला जायचे, हॉस्पिटलात ठेवलेल्या माणसाला बघायला जावं तसे.

आज सकाळी आकडा काढायचा होता. डॉक्टरांनी आग्रहानं बोलावलं, "तुमच्यामुळं झालं मावशी, तुम्ही हव्याच." म्हणून गेले.

आकडा काढायची खोली वेगळी असते. जमिनीत मोठे रोलर बसवलेले. त्यांवर गाडीची चाकं ठेवायची, चारी बाजूंनी पट्ट्यांनी गाडी जखडायची आणि जागच्या जागी भरधाव पळवायची. रोलर किती जोरानं फिरतात त्यावरून कॉम्प्युटर ताकद सांगतो. समोर माणसाएवढा पंखा. मी गेले तेव्हा आठ-दहा पुरुष आधीच जमलेले, हातात फोन धरून. जळक्या पेट्रोलचा आणि घामावर मारलेल्या अत्तराचा असा काही वास मिसळला होता, की मी पदर नाकाला लावला. डॉक्टरांची बायको कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळते, माझी जुनी ओळख.

"या मावशी," ती म्हणाली, "माझी सवत बघायला आलात?"

"दिसायला बरी आहे," मी म्हटलं.

"दिसण्याचं काय घेऊन बसलात. स्वयंपाकपाणी नको, माहेर नको, नुसतं पेट्रोल प्यायचं आणि ओरडायचं. हे म्हणतात उद्या पहाटे मलाही शेजारी बसवून नेणार, नव्या रस्त्यावर. अजून वाहतुकीला उघडला नाही ना तो, सरळसोट आहे. मी म्हटलं चला, तीन महिने माझे रविवार जिनं खाल्ले तिच्यात एकदा बसून तरी बघते."

पहिली खेप झाली. इमारत हादरली. चारशे एकाहत्तर. दुसरी खेप, चारशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांचा चेहरा पडला. अगदी पंचावन्न टक्के मिळालेल्या पोराचा पडतो तसा.

"डॉक्टर, इंजिनाला भूल दिलीय का?" एकजण म्हणाला. त्याचं फरशांचं दुकान आहे. भिंतीवरचा ५११ त्याचा.

"पाचशे म्हणाला होतात," डॉक्टर मालकाला म्हणाले.

"होणार. पाचशे म्हणजे पाचशे," मालक म्हणाला आणि माझ्या मुलाकडे वळला. "काय कानसेन? डॉक्टरांचं नाक कापलं जातंय इथं, तेही आपल्या घरी."

मुलगा लॅपटॉपवर वाकला होता. कानांवर मोठे हेडफोन. त्या हेडफोनची वायर थेट इंजिनावर चिमट्यानं लावलेल्या छोट्या माइकला जाते; स्क्रूड्रायव्हरच्या जागी आता ते आलंय. दुसऱ्या खेपेच्या शेवटी, आवाज टिपेला पोचला तेव्हा, त्यानं तोंड वाकडं करून एका बाजूचा हेडफोन कानापासून झटकन दूर केलेला मी पाहिला. दुखऱ्या दाताला गार पाणी लागावं तसा.

"सेन्सर मागे खेचतोय," तो मालकाला म्हणाला.

"मग त्याला सांग, गप्प बस म्हणून. घडीव पिस्टन आहेत, खडखडणारच. त्यात काय एवढं?"

"गाडी थोडी थांबवून..."

"अरे लोक उभे आहेत रे! आपली नवी शाखा उघडतेय, तिथं खुर्चीवर तू बसणार आहेस. असा दर वेळी थांबवून बसवणार आहेस का गिऱ्हाइकांना?"

मुलगा दोन-तीन मिनिटं लॅपटॉपवर काहीतरी करत राहिला. मग उभा राहिला, हेडफोन डोक्यावरून काढून गळ्यात अडकवले आणि गाडीत बसून तिसरी खेप केली.

पाचशे तीन.

काय आरडाओरडा झाला! डॉक्टरांनी मालकाला मिठी मारली, फरशीवाल्यानं डॉक्टरांच्या पाठीत गुद्दे घातले, फोनवर फोटो गेले, आलेख छापून चौकटीतही बसला. आणि मी टाळ्या वाजवल्या. मीही. सगळ्यांत जोरात बहुधा मीच. मुलगा मात्र हसला नाही, चिंधीनं हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

जेवण होऊन डॉक्टर दुपारी गाडी घेऊन गेले, आणि तेव्हाच कंबर धरली.

रात्री जेवताना मी सरळ विचारलं, "तिसऱ्या खेपेच्या आधी काय बदललंस?"

"आई, तुला नाही कळायचं."

"बावीस वर्षं शिकवलंय मी. कळेल. सांग."

त्यानं ताटात बोट फिरवत सांगितलं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठरलेल्या क्षणी पेटलं पाहिजे. इंजिनावर फार ताण दिला, की ते वेळेआधीच आपोआप फुटतं आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो. नॉकिंग म्हणतात त्याला. ते ऐकायला इंजिनात एक सेन्सर असतो. ठोका ऐकू आला, की तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर ताकद जराशी मागे घेतो. म्हणून आकडा चारशे अठ्ठ्याहत्तरवर अडकला होता. "पण घडीव पिस्टन थोडे सैल बसवावे लागतात," तो म्हणाला, "ते खडखडतात. सेन्सरला वाटतं नॉकिंग आहे. मग सगळेच काय करतात, सेन्सर जरा बहिरा करतात. लॅपटॉपवरून. त्यात नवीन काही नाही."

"सैल का बसवतात?"

"तापल्यावर फुगतात ना. थंड असताना खडखडतात, तापले की नीट बसतात, आवाज थांबतो."

मी वरणाची वाटी खाली ठेवली. "आज गाडी थंड होती?"

तो भात कालवत राहिला.

"दोन खेपा झाल्या होत्या. मी लांब उभी होते तरी मला झळ लागत होती. मग तुझ्या हेडफोनमध्ये काय आलं?"

"आई..."

"खडखड होती की ठोके होते?"

"नीट सांगता येत नाही."

"तुला? तुला सांगता येत नाही? वरच्या मजल्यावरच्या पंख्याचं पातं वाकलेलं सांगणारा तू?"

ह्यांनी मध्ये तोंड घातलं. "अगं, जेवू दे त्याला. त्याचं काम त्याला कळतं." त्या आलेखाची एक प्रत ह्यांनी संध्याकाळीच फ्रीजवर लोहचुंबकानं लावली होती. ५०३. नातवाचं प्रगतिपुस्तक लावावं तशी. मला तिच्याकडे बघवेना.

"तिसऱ्या खेपेला हेडफोन काढलेस," मी म्हटलं. "ऐकू येऊ नये म्हणून काढलेस. आणि दुपारी गाडीत बसला नाहीस."

"सोमवारी करतो ना ठीक," तो एकदम चिडून म्हणाला. "सर्व्हिसच्या निमित्तानं बोलावतो गाडी, सेन्सर हळूच परत पहिल्यासारखा करून ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांना कळणारही नाही. ताकद थोडी उतरेल, चौकट भिंतीवर राहील, सगळे खूश. बास?"

"आणि उद्या पहाटे?"

"एक-दोन खेपांनी काही होत नसतं."

"कशावरून?"

"होत नसतं गं. बहुतेक."

बहुतेक. हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला, की मला समोर बसवेना. लहानपणी परीक्षेत हा शब्द लिहिला तर मी गुण कापायची.

"त्यांना फोन कर," मी म्हटलं. "आत्ता. उद्या गाडी काढू नका, एवढंच सांग."

"काय कारण सांगू? मालकांनी तिथं सगळ्यांसमोर पाचशे तीन जाहीर केलंय. फोटो गेलेत सगळीकडे. मी सांगू, की तो आकडा खोटा आहे? नवी शाखा राहिली बाजूला, उद्यापासून या शहरात मला कुणी टायरमध्ये हवा भरायला उभं करणार नाही."

"मग त्या गाडीत तू बस. उद्या पहाटे जा आणि डॉक्टरांच्या बायकोच्या जागी तू बस. म्हण, पहिली फेरी राहिली होती."

त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला माझं उत्तर मिळालं.

अकरा वाजता मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "आई, तू यात पडू नकोस. हात जोडतो." मी म्हटलं, "हात कशाला जोडतोस, फोन जोड." दार उघडलं नाही. हे घोरताहेत. झोपण्याआधी समजूत घातली, "तू फार विचार करतेस. इंजिनं काय, फुटतातच अधूनमधून." अधूनमधून. जसे दिवे जातात अधूनमधून. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण आज पहिल्यांदा ह्यांच्या घोरण्याचीही शिसारी आली.

तेव्हापासून इथं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लिहितेय. मला किळस नक्की कशाची येतेय, हे कळावं म्हणून. मालकाची येते, पण त्याची यायचीच, तो त्यासाठीच जन्मलाय. फरशीवाल्याची येते, पन्नाशीला आलेला माणूस तीसेक घोडे जास्त आहेत म्हणून दुसऱ्याला खिजवतो. डॉक्टरांचीही येते, दिवसभर लोकांना गोड खाऊ नका सांगतात आणि स्वतः एका आकड्यासाठी जीभ बाहेर काढून बसतात. पण ही सगळी लांबची माणसं. ज्याच्या कानात मी लहानपणी थंडी बाधू नये म्हणून कापूस घालायची, त्यानं ऐकलं, त्याला कळलं, आणि त्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवले, याची किळस वेगळी आहे. ती गिळता येत नाही. चुकलं असतं तर मी त्याच्या बाजूनं जगाशी भांडले असते. चूक सगळ्यांच्या हातून होते, त्या मिस्त्रीच्याही झाल्या असतील. हा चुकला नाही. याला बरोबर ऐकू आलं.

आणि माझीही येते. जेवताना ते सगळं उलगडलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कुठला आला, तर तो डॉक्टरांच्या बायकोचा नव्हता. पहिला विचार आला, की काही झालंच तर कुणाला कळणार नाही. इंजिन फुटलं तर पुरावाही फुटेल. असा विचार, आणि तोही मला, दुसऱ्या घासाला आला. मग पोराला काय बोलू? खाण तशी माती म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

गेला तासभर मी स्वतःला समजावतेय, की तोच करेल फोन. पहाटे उठेल, राहवणार नाही, करेल. त्याच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे, दाराखालून उजेड दिसतो. तो जागा आहे. म्हणजे त्यालाही माहीत आहे. पण जागं राहणं म्हणजे फोन करणं नव्हे, मीही इतका वेळ नुसती जागीच आहे. ते लोक साडेपाचला निघणार आहेत. ती बाई उठून चहा करेल, थर्मासात भरेल, केसांना रुमाल बांधेल आणि सवतीच्या मांडीला मांडी लावून बसायला जाईल, हसत.

डॉक्टरांना फोन करण्यात अर्थ नाही, हे मी दोनदा तोलून पाहिलं. ते आधी मालकाला विचारतील. मालक झोपेतून उठून हसेल, म्हणेल, "आईचं काळीज हो डॉक्टर, तुम्ही बिनधास्त काढा गाडी." आणि डॉक्टरांना तेच ऐकायचं असेल. पाचशे तीनच्या बदल्यात चारशे अठ्ठ्याहत्तर कोण पुरुष आपणहून घेतो?

बायकोला करायचा. दाढ काढली त्या दिवशी रक्त थांबलं नाही तर कधीही करा म्हणून तिनं स्वतःचा नंबर कार्डाच्या मागे पेननं लिहून दिला होता. ते कार्ड मी ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलंय. ती वेळी-अवेळी आलेला फोन उचलते, तिची सवयच आहे, आणि दुखतंय म्हणणाऱ्याला ती कधी "बघू सकाळी" म्हणत नाही. ती किल्ली लपवेल. नवऱ्याशी भांडेल, पण किल्ली देणार नाही.

काय सांगायचं तेही ठरवलंय. आधी मनाशी म्हणून पाहिलं, "गॅरेजवाल्यांकडून काहीतरी राहिलंय." मग वाटलं, गॅरेजवाले म्हणजे कोण? असं सांगितलं तर ती म्हणेल, ठीक आहे, सकाळी मालकांना विचारते. आणि झालं, परत तेच. म्हणून तसं नाही सांगायचं. सांगायचं, की माझ्या मुलानं तुमच्या इंजिनाचा सेन्सर मुद्दाम बहिरा केलाय. त्याला आतले ठोके ऐकू आले होते. आकडा खरा नाही. तो सेन्सर परत पहिल्यासारखा होईपर्यंत ती गाडी जागेवरून हलवायची नाही, आणि तुम्ही तर तिच्यात बसायचंच नाही.

हे बोलून झाल्यावर माझा मुलगा माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, मला माहीत नाही. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा मी महिनाभर अबोला धरला होता. तो माझाच आहे, जास्त धरेल. नोकरी जाईल, भिंतीवरची चौकट निघेल, ते नावही जाईल. जाऊ दे.

भिंतीपलीकडे त्याला आवाज जाणार, हळू बोललं तरी. त्याचा कान तसाच आहे. मी हळू बोलणार नाही. पावणेदोन वाजलेत. फोन लावते.